चार हजाराला चाळीस कमी : महापालिकांचे आयुक्त आणि नगरसेवक यांना खुलं पत्र

माननीय आयुक्त महोदय आणि नव्याने निवडून आलेले नगरसेवक,

स. न. वि. वि.

मी ड्राफ्ट्समन. एकतीस वर्षं आर्किटेक्ट लोकांच्या ऑफिसात नकाशे काढले. आधी ट्रेसिंग पेपरवर रोटरिंग पेनने, चुकलं की ब्लेडने खरवडून, नंतर ऑटोकॅडवर. नकाशाच्या कोपऱ्यात सही आर्किटेक्टची असते, खाली विकासकाची, वर महापालिकेचा शिक्का. रेघ मारणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. त्यामुळे हे पत्रही नाव न घालता लिहितोय. शहराचं नावही घालत नाही, कारण मी तीन शहरांत कामं केली आणि तिन्हीकडे हाच प्रकार पाहिला.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. टेबलावर एका गटाची मोजणी आली. क्षेत्र साधारण ९,८०० चौरस मीटर, सातबारावर चार भाऊ आणि दोन बहिणी. साहेबांनी माझ्या खुर्चीमागे उभं राहून स्क्रीनवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "तीन तुकडे कर. एकही चार हजाराला टेकता कामा नये." मी केले. ३,९६०, ३,९४० आणि उरलेला १,९००. रेघ सरळ पडेना, कारण मधोमध विहीर होती, म्हणून एका ठिकाणी काटकोनात वळवली. त्या रेघेप्रमाणे पुढे वाटणीपत्र झालं, हिस्सा नंबर पडले, तीन स्वतंत्र फाइली नगररचनेत गेल्या आणि तीन स्वतंत्र परवानग्या आल्या. वर्षभराने त्याच प्रकल्पाचं रंगीत ब्रोशर ऑफिसात आलं. त्यात गेट एक, कंपाउंड वॉल एक, पोहण्याचा तलाव एक, आणि प्रकल्पाचं नावही एकच. विहिरीजवळचं माझं काटकोनी वळण जिथे होतं तिथे लहान मुलांची घसरगुंडी दाखवली होती.

चार हजार हा आकडा आपल्या नगररचना विभागातल्या प्रत्येकाला पाठ आहे, नगरसेवकांना कदाचित नसेल, म्हणून सांगतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्य सरकारने नियम आणला. दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या महापालिकेत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर गृहप्रकल्प करायचा असेल तर मूळ एफएसआयच्या, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात जेवढं बांधकाम करता येतं त्याच्या, २० टक्के इतकं बांधकाम अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी करायचं, ३० ते ५० चौरस मीटरच्या घरांचं. ही घरं म्हाडाने सोडतीने द्यायची. किंमत रेडी रेकनरमधल्या, म्हणजे सरकारच्या वार्षिक दरपत्रकातल्या, बांधकाम दरावर पंचवीस टक्के चढवून, म्हणजे जमिनीचा भाव त्यात धरायचाच नाही. बदल्यात विकासकाला काय? हे २० टक्के बांधकाम एफएसआयमध्ये मोजायचंच नाही. त्याच्या विक्रीच्या घरांतलं काही कमी होत नाही. पुढे डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता बहुतेक राज्यासाठी एकच बांधकाम नियमावली आली, तिनेही हा नियम ठेवला. आणि याच चार हजाराला दहा टक्के मोकळी जागा सोडायची अटही लागू होते. चाळीस चौरस मीटर कमी दाखवले की गरिबाचं घरही वाचतं आणि पोरांचं मैदानही. 'वाचतं' कुणाचं ते वेगळं सांगायला नको.

माझ्या त्या रेघेचा हिशेब मी निवृत्त झाल्यावर एकदा वहीच्या मागच्या पानावर मांडला. ९,८०० चौरस मीटरला मूळ एफएसआय १.१. त्याचे २० टक्के म्हणजे दोन हजार चौरस मीटरच्या थोडं वर. रस्त्याची आणि इतर वजावट धरली, तरी सरासरी चाळीस चौरस मीटरप्रमाणे पन्नासेक घरं होतात. त्या दिवशी दुपारचा चहा येईपर्यंत मी ते काम संपवलं होतं.

आता कुणी म्हणेल, वाटण्या काय खोट्याच असतात का? नाही. चार भाऊ खरेच होते आणि त्यांच्यात बोलणंही नव्हतं. शेतजमिनीचे तुकडे पिढ्यान्‌पिढ्या पडत आलेत. म्हणून तर ही पळवाट इतकी सोयीची आहे. खरी वाटणी आणि टेबलावर पाडलेली वाटणी यांचा कागद अगदी एकसारखा दिसतो. फरक कागदात शोधायचाच नसतो. तो ब्रोशरमध्ये दिसतो, रेराच्या नोंदणीत दिसतो, पाण्याच्या एका टाकीत आणि एका ड्रेनेज लाइनीत दिसतो. तीन शेजारच्या परवानग्यांवर विकासक एकच, आर्किटेक्ट एकच, पोहोचरस्ता एकच, तर तो भूखंड एकच. हे ठरवायला समिती कशाला हवी? सहा महिने काम केलेलं पोरगंही सांगेल.

झोपडपट्टी पुनर्वसनात निदान एक गोष्ट बरी आहे. १९९५ मध्ये मुंबईत चाळीस लाख लोकांना मोफत घरं देऊ म्हणून घोषणा झाली, तीस वर्षांत त्या आकड्याच्या जवळपासही कुणी पोचलं नाही, भाड्यापायी रहिवाशांनी विकासकांच्या दारात चपला झिजवल्या. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका रखडलेल्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाला झोपडपट्टी कायद्याची कामगिरीच तपासून बघायला सांगितली. पण तिथे ज्याचं घर अडकलंय त्याला ते माहीत असतं. त्याच्याकडे झोपडीचा नंबर आहे, परिशिष्टात, म्हणजे पात्र रहिवाशांच्या यादीत, नाव आहे, संक्रमण शिबिराची खोली आहे. तो मोर्चात येतो, नगरसेवकाची गाडी अडवतो. गिरणी कामगारांचंही तेच. जुलै २०२५ मध्ये मुंबईबाहेर शेलू-वांगणीला घरं देण्याच्या प्रश्नावर ते आझाद मैदानात उतरले, कारण वारसांच्या हातात अर्जाची पावती होती.

२० टक्क्यांच्या घराला असा कुणी वालीच नाही. सोडत निघायच्या आधीच घर कागदावरून गेलं तर ते कुणाचं गेलं? ज्या बाईला ते लागलं असतं ती त्या दिवशी कुठेतरी भांडी घासत होती. तिला काही कळलंच नाही. त्यामुळे मोर्चा नाही, तक्रार नाही, बातमी नाही. नाशिकचा अपवाद. तिथे २०२२ मध्ये म्हाडाला घरं न दिल्याचा विषय विधिमंडळात निघाला आणि थेट आयुक्तांच्या बदलीपर्यंत गेला. त्यानंतर काही दिवस सगळ्या महापालिकांत फाइली शोधायची धावपळ झाली. मग पाऊस आला, लोक विसरले.

मागणी किती आहे ते आपल्यालाही माहीत आहे. म्हाडाच्या कोकण मंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ५,२८५ घरांची सोडत काढली, अर्ज दीड लाखाच्या वर. त्या ५,२८५ मध्ये २० टक्के योजनेतली घरं होती ५६५. ठाण्यापासून वसई-विरारपर्यंत रस्त्याने जाताना जितके टॉवर मोजता येतात त्यांच्या मानाने ५६५ हा आकडा मला तरी फार छोटा वाटतो.

आता सवलतींबद्दल. मी बिल्डरद्वेष्टा नाही. तीस वर्षं माझं मीठ त्यांच्याच पैशातून आलं. त्यांच्या बाजूचंही ऐकलंय, साहेबांच्या केबिनचं दार कधीच नीट लागत नसे. एक छोटा विकासक, पहिलाच मोठा प्रकल्प, त्याने २० टक्क्यांची इमारत आधी बांधली. रंग झाला, लिफ्ट बसली आणि घरं कुणाला द्यायची त्याची यादी येईना. तो रोज बँकेचं व्याज भरत होता आणि रिकाम्या इमारतीला वॉचमन ठेवून होता. पुढच्या वेळी त्याने काय केलं असेल ते मी सांगायला नको. प्लॉट घेतानाच ३,८०० चा घेतला. नियम पाळणाऱ्याला शिक्षा आणि टाळणाऱ्याला ब्रोशर, असं असेल तर दोष फक्त टाळणाऱ्याला देऊन भागत नाही. यादी अमुक महिन्यांत आली नाही तर विकासकाचं व्याज कोण भरणार, हेही तुम्ही लोकांनी लिहून द्यायला हवं.

पण सवलती आपण कशाच्या बदल्यात देतो, हे कुणी एकदा मोठ्याने वाचून दाखवा. जानेवारी २०२१ मध्ये राज्याने सगळे बांधकाम प्रीमियम, म्हणजे जादा बांधकाम आणि सवलतींसाठी विकासकाने भरायचं शुल्क, वर्षअखेरपर्यंत निम्म्यावर आणले. करोनाचे दिवस होते, बांधकाम ठप्प, मजूर गावी. मला तो निर्णय तेव्हा पूर्ण चूक वाटला नाही. आमच्या ऑफिसात तर दिवाळी आली. ३१ डिसेंबरच्या आत चलन भरायचं म्हणून रात्री अकरापर्यंत आम्ही नकाशे ढकलत होतो, प्लॉटरचं शाईचं कार्ट्रिज दोनदा बदललं. अट एकच होती, ग्राहकाचं मुद्रांक शुल्क विकासकाने भरायचं. घर केवढं, किंमत किती, घेणारा कोण, याची अट नव्हती. साडेतीन कोटींच्या फ्लॅटलाही तीच सवलत आणि वन रूम किचनलाही तीच. प्रीमियम म्हणजे कुणाच्या खिशातून उडालेला पैसा नव्हे. त्याच प्रकल्पाला लागणारं पाणी, ड्रेनेज, डीपी रोड त्यातून व्हायचे असतात. ते निम्मे सोडले आणि बदल्यात एकाही परवडणाऱ्या घराची चावी मागितली नाही.

'परवडणारं' या शब्दाचीही एकदा मोजणी करून घ्या. १ एप्रिल २०१९ पासून जीएसटीत ४५ लाखांपर्यंतचं घर परवडणारं धरलं जातं, त्यावर एक टक्का कर. आता मोठ्या शहरांत म्हाडाच्या अत्यल्प गटाची मर्यादा वर्षाला सहा लाख, म्हणजे महिन्याला पन्नास हजार. या माणसाने ४५ लाखांचं घर घ्यायचं ठरवलं तर नऊ लाख आधी रोख हवेत. उरलेल्या ३६ लाखांना वीस वर्षं साडेआठ टक्क्यांनी हप्ता सव्वाएकतीस हजार. पन्नासातून सव्वाएकतीस गेले. मग शाळा, गॅस, आईची औषधं आणि सोसायटीचा मेंटेनन्स. आणि पन्नास हजार मिळवणारा हा त्या गटातला सगळ्यात वरच्या पायरीवरचा. सरकारदरबारी मात्र हे घर परवडतं आणि त्याच्या नावाने करसवलतही मिळते. त्या मानाने २० टक्क्यांतलं तेरा-चौदा लाखांचं घर हेच काय ते खरं परवडणारं, आणि नेमकं तेच बांधलं जाऊ नये म्हणून आम्ही रेघा मारत होतो.

आमच्या ऑफिसात डबे पोचवणाऱ्या एक ताई होत्या. पोळ्या-भाजी त्यांची, नवऱ्याची रिक्षा. त्यांना सोडतीत घर लागलं, दुसऱ्या एका प्रकल्पात, किंमत तेराच्या आसपास. दोघांचं उत्पन्न रोखीचं. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला होता, पण बँकेला सॅलरी स्लिप हवी होती. दोन बँकांनी परत पाठवलं. शेवटी एका फायनान्स कंपनीने कर्ज दिलं, व्याज बँकेपेक्षा बरंच वर, आणि कमी पडले ते भिशी मोडून आणि पतसंस्थेतून उचलून. वास्तुशांतीला मला बोलावलं होतं. मोठ्या गेटवरच्या वॉचमनने मला पेढ्याच्या बॉक्ससकट मागच्या बाजूला पाठवलं, "म्हाडावाले तिकडून." नाल्याच्या कडेने चिखलातून गेलो. ट्रान्सफॉर्मरला लागून लोखंडी दार, त्यावर नाव नाही, काही नाही. पुढच्या इमारतींना नावं होती, फुलांची. जिन्यात मात्र शेणाने सारवल्यासारखी स्वच्छता, दारात रांगोळी, आणि आत ताई मला एकेक खोली दाखवत होत्या. खोल्या दोनच होत्या, पण दाखवायला त्यांना वीस मिनिटं लागली. ओट्याची उंची मुद्दाम बघितली मी, सवय. बरोबर होती.

तो मागचा गेट कुठल्यातरी माझ्यासारख्यानेच नकाशात काढला असणार. नियमात अशी वेगळी वाट काढायला बंदी नाही, म्हणून काढली. नियमात घरं जोडून एक करायला बंदी आहे, आणि ती बरी आहे, नाहीतर दोन घरांचा एक हॉल झाला असता. मुंबई महानगरात भाड्याच्या घरांच्या योजनेत १६० चौरस फुटांच्या खोल्यांचं पुढे काय झालं ते जुन्या लोकांना आठवत असेल. चार एफएसआय देऊन झाला, खोल्या उभ्या राहिल्या, आणि भाड्याने द्यायची मूळ कल्पनाच मागे पडली. विकासकाला द्यायचं ते आपण नेहमी पहिल्या दिवशी देतो. घ्यायचं ते शेवटच्या दिवसावर ठेवतो आणि शेवटचा दिवस उजाडतच नाही.

नियमात यावर उपाय लिहिलेला आहे, म्हणजे लेखणी कमी पडलेली नाही. २० टक्क्यांच्या घरांना भोगवटा, म्हणजे इमारत वापरायला दिलेला दाखला, मिळाल्याशिवाय बाकीच्या इमारतींना भोगवटा द्यायचा नाही, असं स्पष्ट म्हटलंय. पण भोगवट्याची वाट कोण बघतंय? फिटआउटच्या नावाखाली किल्ल्या दिल्या जातात, फर्निचर होतं, सत्यनारायण होतो, दोनशे कुटुंबं राहायला येतात. मग दोनशे कुटुंबांचं पाणी तोडणार का, असा प्रश्न घेऊन तुमच्यापैकीच कुणीतरी नगरसेवक आयुक्तांकडे जातो. त्याचंही चुकत नाही. म्हणून भोगवटा फार उशिराची जागा आहे. अडवायचं तर जोत्याला अडवा. गरिबांच्या इमारतीचं जोतं तपासल्याशिवाय विक्रीच्या इमारतीला जोत्याच्या पुढची परवानगी नाही. तिचा स्लॅब जितका वर, तितकाच विक्रीच्या इमारतीचा. प्रीमियमचे हप्ते आणि सवलती यांनाही तीच शिडी लावा. सवलत हवी ना, मग चाव्या दाखवा आणि मागच्या हप्त्याची सूट घेऊन जा.

नवीन नगरसेवकांना एक सांगायचंय. पुणे, नाशिक, ठाणे, मुंबई अशा शहरांत जवळपास चार वर्षं प्रशासक होते. जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका झाल्या आणि तुम्ही आलात. मे २०२५ मध्ये राज्याचं नवं गृहनिर्माण धोरण आलं, 'माझे घर, माझा अधिकार', २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं. त्यातल्या सवलती तुमच्यापुढे एकेक करून येतील: अमुक रस्त्याला जादा एफएसआय, तमुक प्रीमियम हप्त्याने. विषयपत्रिकेत शेवटून दुसरा विषय असेल आणि चहा येत असेल. तेव्हा एवढंच विचारा, याच्या बदल्यात कुठल्या गट नंबरवर किती घरं, आणि मागच्या वेळची कुठे आहेत? महापालिकेच्या संकेतस्थळावर ही नोंद असायला हवी: गट नंबर, परवानगीचा क्रमांक, २० टक्क्यांत किती घरं येतात, म्हाडाला कधी कळवली, चावी कधी दिली. ही माहिती मंजूर नकाशाच्या तक्त्यात आधीपासून असते. तो तक्ता मीच भरायचो, उजव्या बाजूला, प्लॉट एरियाच्या खाली. तो फक्त कुणी बाहेर काढून एका ठिकाणी ठेवलेला नाही.

आणि आयुक्त महोदय, आपल्याला एकच काम सांगतो, त्याला ना ठराव लागतो ना निधी. परवानग्या आता बहुतेक ठिकाणी ऑनलाइन आहेत, तेव्हा अर्ध्या दिवसाचं काम. नगररचनेकडून दोन आकडे मागवा. नोव्हेंबर २०१३ नंतर गृहप्रकल्पांसाठी ३,५०० ते ३,९९९ चौरस मीटरच्या किती भूखंडांना परवानगी दिली, आणि ४,००० ते ४,४९९ च्या किती भूखंडांना. जमीन काही नियम वाचून जन्माला येत नाही. दोन्ही आकडे साधारण जवळपास असायला हवेत. दोन्ही एका कागदावर शेजारी शेजारी लिहा आणि तो कागद महापालिकेच्या सूचनाफलकावर लावा. पहिल्या आकड्यात माझे दोन आहेत.

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन